विक्रम, पदक आणि काळ : जपानी जलतरणपटू हिरोनोशिन फुरुहाशी यांच्या कारकिर्दीचा एक अभ्यास

प्रस्तावना :

क्रीडा-इतिहासाचे लेखन बहुतांशी पदकांच्या आधारे केले जाते. ऑलिंपिकमध्ये कोणी किती पदके मिळविली यावरून खेळाडूचे स्थान ठरते आणि ज्याच्या नावापुढे पदक नाही तो खेळाडू इतिहासाच्या तळटिपेत जातो. ही मोजपट्टी सोयीची आहे, परंतु ती नेहमी न्याय्य असतेच असे नाही. ऑलिंपिक स्पर्धा चार वर्षांतून एकदा भरते, तर जलतरणपटूच्या उत्तम कामगिरीचा काळ बहुधा तीन-चार वर्षांपुरताच असतो. हे दोन्ही काळ जुळून आले तर पदक मिळते. ते न जुळल्यास जगातील सर्वांत वेगवान खेळाडूसुद्धा रिकाम्या हाताने निवृत्त होऊ शकतो.

या विधानाचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे जपानचे मुक्तशैली (फ्रीस्टाइल) जलतरणपटू हिरोनोशिन फुरुहाशी (१९२८-२००९) यांची कारकीर्द होय. १९४७ ते १९४९ या काळात मध्यम व दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत त्यांच्याइतका वेगवान जलतरणपटू जगात नव्हता. तरीही त्यांना एकही ऑलिंपिक पदक मिळाले नाही. असे का घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. फुरुहाशी यांच्या कारकिर्दीतील प्रमुख टप्प्यांचा कालानुक्रमे परिचय करून देणे.
२. त्यांच्या नोंदविलेल्या वेळांची तत्कालीन ऑलिंपिक विजेत्यांच्या वेळांशी तुलना करणे.
३. विक्रमाची मान्यता आणि प्रत्यक्ष कामगिरी यांतील अंतर स्पष्ट करणे.

१. पार्श्वभूमी :

दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपान हे जलतरणातील आघाडीचे राष्ट्र होते. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सहा जलतरण शर्यतींपैकी पाच शर्यती जपानी खेळाडूंनी जिंकल्या. केवळ ४०० मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक अमेरिकेच्या बस्टर क्रॅब यांच्याकडे गेले. १५०० मीटर शर्यतीचे विजेते कुसुओ कितामुरा तर अवघे चौदा वर्षांचे होते. १९३८ मध्ये तोमिकात्सू अमानो यांनी १५०० मीटर अंतर १८ मिनिटे ५८.८ सेकंदांत पोहून जागतिक विक्रम केला. हा विक्रम पुढे अकरा वर्षे अधिकृत नोंदीत अबाधित राहिला.

१९४० चे ऑलिंपिक टोकियोला व्हावयाचे होते. परंतु चीनशी सुरू झालेल्या युद्धामुळे जपानने १९३८ मध्येच यजमानपद परत केले. पुढे १९४० व १९४४ ही दोन्ही ऑलिंपिके महायुद्धामुळे झालीच नाहीत. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि देश दोस्त राष्ट्रांच्या सैन्याच्या ताब्यात गेला. आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघातून (फिना) जपान बाहेर पडला होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे निमंत्रण जर्मनी आणि जपान या दोन्ही देशांना देण्यात आले नाही. फुरुहाशी यांची कारकीर्द नेमकी याच काळात बहरली.

२. जडणघडण :

फुरुहाशी यांचा जन्म १६ सप्टेंबर १९२८ रोजी शिझुओका प्रांतातील हामाना सरोवराच्या परिसरात झाला. पाण्याशी त्यांची ओळख लहानपणीच झाली. युद्धकाळात जपानमधील शाळकरी मुलांना कारखान्यांत कामास जुंपले जात असे. फुरुहाशी हेही युद्धसाहित्याच्या कारखान्यात काम करीत होते. तेथे यंत्रात सापडून त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा काही भाग तुटला.

या इजेचे महत्त्व समजण्यासाठी मुक्तशैलीचे तंत्र थोडे पाहावे लागते. नियमानुसार मुक्तशैलीत खेळाडूने कोणत्याही पद्धतीने पोहावे अशी मुभा असते. परंतु सर्वांत वेगवान असल्यामुळे प्रत्यक्षात सर्वजण ‘क्रॉल’ पद्धतीनेच पोहतात. या पद्धतीत पुढे जाण्याचा मोठा भार हातांवर असतो. तळहात आणि बोटे पाण्याला धरतात व मागे रेटतात. पन्नास मीटरच्या तलावात १५०० मीटरची शर्यत म्हणजे तीस फेऱ्या. एवढ्या अंतरात हाताचे शेकडो फटकारे मारावे लागतात आणि पंजातील लहानशी उणीवही प्रत्येक फटकाऱ्यात जाणवते. असा पंजा असलेल्या तरुणाने पुन्हा पोहावयास सुरुवात केली, तीही अन्नधान्याचे रेशनिंग असलेल्या, बेचिराख झालेल्या देशात. युद्धानंतर ते निहोन विद्यापीठात दाखल झाले. तेथे शिरो हाशिझुमे हा समवयस्क जलतरणपटू त्यांना सहकारी व प्रतिस्पर्धी म्हणून लाभला.

१९४७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत फुरुहाशी यांनी ४०० मीटर मुक्तशैली शर्यत ४ मिनिटे ३८.४ सेकंदांत पूर्ण केली. त्या वेळचा अधिकृत जागतिक विक्रम अमेरिकेच्या बिल स्मिथ यांचा ४ मिनिटे ३८.५ सेकंदांचा होता. म्हणजे फुरुहाशी सेकंदाच्या एक दशांशाने पुढे गेले होते. परंतु फिनाच्या सदस्य नसलेल्या देशातील नोंद विक्रम म्हणून स्वीकारली जात नसे. त्यामुळे अधिकृत यादीत स्मिथ यांचेच नाव कायम राहिले.

३. १९४८ : दोन शहरांतील एक शर्यत

लंडन ऑलिंपिकचे दार बंद झाल्यावर जपानी जलतरण महासंघाने एक विलक्षण निर्णय घेतला. महासंघाचे अध्यक्ष मासाजी ताबाता यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय स्पर्धा लंडनमधील ऑलिंपिक जलतरण स्पर्धेच्याच दिवसांत टोकियोच्या मेजी जिंगू तलावात भरविण्यात आली. दोन्ही शहरांतील वेळा शेजारी शेजारी मांडता याव्यात, हा त्यामागील हेतू उघड होता. ऑगस्ट १९४८ मधील या वेळा पुढीलप्रमाणे आहेत.

४०० मीटर मुक्तशैली :
लंडन (सुवर्णपदक, बिल स्मिथ) – ४ मिनिटे ४१.० सेकंद
टोकियो (फुरुहाशी) – ४ मिनिटे ३३.४ सेकंद

१५०० मीटर मुक्तशैली :
लंडन (सुवर्णपदक, जेम्स मॅक्लेन) – १९ मिनिटे १८.५ सेकंद
टोकियो (फुरुहाशी) – १८ मिनिटे ३७.० सेकंद
टोकियो (हाशिझुमे) – १८ मिनिटे ३७.८ सेकंद

या आकड्यांचा अर्थ अंतराच्या भाषेत सांगितल्यास अधिक स्पष्ट होईल. १५०० मीटर शर्यतीतील फरक ४१.५ सेकंदांचा आहे. मॅक्लेन यांचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १.२९ मीटर होता. त्या हिशेबाने फुरुहाशी शर्यत संपवून भिंतीला हात लावत असताना मॅक्लेन सुमारे ५३ मीटर मागे असते, म्हणजे एका पूर्ण फेरीपेक्षाही अधिक. ४०० मीटरमध्ये हेच अंतर सुमारे ११ मीटर भरते. अर्थात दोन वेगळ्या तलावांत, वेगळ्या हवामानात आणि वेगळ्या प्रतिस्पर्ध्यांसमवेत झालेल्या शर्यतींची अशी तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावयास हवी. ऑलिंपिकमध्ये खेळाडू बहुधा घड्याळासाठी नव्हे तर क्रमांकासाठी पोहतो. तरीही एका फेरीचा फरक केवळ परिस्थितीने समजावून सांगता येत नाही.

टोकियोच्या या वेळाही अधिकृत विक्रम ठरल्या नाहीत. जपानबाहेर तर त्यांच्या खरेपणाविषयीच शंका घेतली गेली. त्या काळी वेळ हातातील घड्याळांनी, सेकंदाच्या एक दशांशापर्यंत मोजली जाई. घड्याळ दाबणाऱ्या पंचांवर आणि तलावाच्या मोजमापावर विश्वास ठेवण्याशिवाय दुसरा पुरावा नसे. ज्या देशाशी नुकतेच युद्ध झाले त्या देशाच्या पंचांवर विश्वास ठेवण्यास जग तयार नव्हते.

४. १९४९ : लॉस एंजलिस

जून १९४९ मध्ये फिनाने जपानला पुन्हा सदस्य करून घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजलिस येथील अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेसाठी सहा जपानी जलतरणपटूंचा संघ रवाना झाला. जपानचा कारभार तेव्हा जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या हाती असल्यामुळे परदेशप्रवासासाठी त्यांची अनुमती आवश्यक होती व ती मिळाली. लॉस एंजलिसमध्ये या खेळाडूंच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था फ्रेड वाडा या जपानी वंशाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने आपल्या घरी केली. युद्धकाळात अमेरिकेतील जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबण्यात आले होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या आतिथ्यामागील भावना समजू शकते.

१६ ऑगस्ट १९४९ रोजी १५०० मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या झाल्या. आधीच्या फेरीत हाशिझुमे यांनी १८ मिनिटे ३५.७ सेकंदांची वेळ देऊन अमानो यांचा विक्रम मोडला. त्याच दिवशी नंतरच्या फेरीत फुरुहाशी यांनी हे अंतर १८ मिनिटे १९.० सेकंदांत पूर्ण केले. अमानो यांच्या विक्रमात एका दिवसात ३९.८ सेकंदांची सुधारणा झाली. दर शंभर मीटरला सरासरी सुमारे ७३.३ सेकंद हा वेग फुरुहाशी यांनी पंधरा वेळा राखला होता. याच स्पर्धेत त्यांनी ४०० मीटर शर्यत ४ मिनिटे ३३.३ सेकंदांत जिंकली. ८०० मीटर आणि ४ × २०० मीटर रिले या प्रकारांतही जागतिक विक्रम झाले. अमेरिकन वृत्तपत्रांनी त्यांना ‘फुजियामाचा उडता मासा’ हे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले.

येथे एक बारकावा नोंदविणे आवश्यक आहे. १९४८ मध्ये टोकियोच्या घड्याळांनी ४०० मीटरसाठी ४ मिनिटे ३३.४ सेकंद दाखविले होते. १९४९ मध्ये अमेरिकन पंचांच्या घड्याळांनी ४ मिनिटे ३३.३ सेकंद दाखविले. फरक एक दशांश सेकंदाचा. टोकियोच्या मोजमापावर घेतलेल्या आक्षेपांना यापेक्षा नेमके उत्तर शब्दांनी देता आले नसते. मात्र या उत्तराने १९४८ ची नोंद मागे जाऊन अधिकृत झाली नाही. जे सिद्ध झाले ते मान्य झाले असे नव्हे, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

पराभूत आणि परकीय सत्तेखाली असलेल्या जपानमध्ये या बातमीने उत्साहाची लाट पसरली. त्याच वर्षी हिदेकी युकावा यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तो मान मिळविणारे ते पहिले जपानी होत. या दोन घटनांचा उल्लेख तेव्हापासून एकत्रच केला जातो. दोन्हींनी जपानी समाजाला गमावलेला आत्मविश्वास परत दिला. परंतु एका वीस वर्षांच्या तरुणावर राष्ट्राच्या अस्मितेचे ओझे येऊन पडले, ही त्याची दुसरी बाजू होय.

५. १९५२ : हेलसिंकी

२८ एप्रिल १९५२ रोजी जपानला पुन्हा सार्वभौमत्व प्राप्त झाले आणि जुलैमध्ये हेलसिंकी ऑलिंपिक सुरू झाले. सोळा वर्षांनंतर जपानचा संघ उन्हाळी ऑलिंपिकमध्ये उतरत होता. परंतु मधल्या काळात बरेच काही बदलले होते. १९५० मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना फुरुहाशी यांना अमीबिक आमांशाने गाठले. या व्याधीतून त्यांची प्रकृती पूर्वपदावर आली नाही. दरम्यान विद्यापीठाचे शिक्षण संपले होते. तेव्हाचे खेळाडू हौशी असत, त्यामुळे उपजीविकेसाठी नोकरी करणे भाग होते. तिकडे ऑस्ट्रेलियाच्या जॉन मार्शल यांनी १९५१ मध्ये ४०० मीटरचा विक्रम ४ मिनिटे २६.९ सेकंदांपर्यंत खाली आणला होता.

हेलसिंकीच्या ४०० मीटर शर्यतीत फुरुहाशी अंतिम फेरीत पोहोचले, पण तेथे ते आठवे, म्हणजे शेवटचे आले. त्यांची वेळ ४ मिनिटे ४२.१ सेकंद होती. फ्रान्सचे जाँ ब्वातो ४ मिनिटे ३०.७ सेकंदांत विजयी झाले. ही शर्यत ब्वातो यांच्या वडिलांनी आनंदाच्या भरात कपड्यांसह तलावात उडी घेतल्यामुळे अधिक स्मरणात राहिली. जपानच्या नभोवाणीवरील समालोचकाने मात्र श्रोत्यांना विनंती केली की, फुरुहाशी यांना दोष देऊ नका. त्यांनी आजवर जे केले त्याबद्दल त्यांचे आभार माना.

याच ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक हवाईचे, जपानी वंशाचे अमेरिकन फोर्ड कोनो यांनी १८ मिनिटे ३०.३ सेकंदांत जिंकले. हाशिझुमे यांना रौप्यपदक मिळाले. ब्राझीलचे तेत्सुओ ओकामोतो तिसरे आले. जलतरणातील ब्राझीलचे ते पहिले ऑलिंपिक पदक होते. ज्या दौऱ्यात फुरुहाशी आजारी पडले, त्याच दौऱ्यातील जपानी जलतरणपटूंना पाहून ओकामोतो यांना दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींची प्रेरणा मिळाली होती.

मराठी वाचकाला हेलसिंकी आठवते ते कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांच्यामुळे. बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या गटाचे विजेते होते जपानचे शोहाची इशी, आणि इशी यांचे ते सुवर्णपदक हेच हेलसिंकीतील जपानचे एकमेव सुवर्ण ठरले. १९४८ मध्ये खाशाबा लंडनच्या आखाड्यात उतरून सहावे आले होते, आणि तो अनुभव त्यांच्या पाठीशी होता. फुरुहाशी यांना मात्र ती संधी मिळाली नव्हती. एकाच ऑलिंपिकमध्ये एकाची वाट मोकळी झाली आणि दुसऱ्याची संपली.

६. कारणमीमांसा

फुरुहाशी यांच्या अपयशाची कारणे केवळ आजारात शोधणे अपुरे ठरेल. पुढील तीन तुलना या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिली : १९४९ मधील त्यांची ४ मिनिटे ३३.३ सेकंदांची वेळ हेलसिंकीत त्यांना कांस्यपदक देऊन गेली असती, सुवर्ण नव्हे. कारण तिसऱ्या क्रमांकाची वेळ ४ मिनिटे ३५.२ सेकंद होती, परंतु पहिले दोघे ४ मिनिटे ३२ सेकंदांच्या आत होते. म्हणजे या शर्यतीत जग त्यांच्या पुढे गेले होते.

दुसरी : हेलसिंकीत आठव्या क्रमांकावर ठरलेली ४ मिनिटे ४२.१ सेकंदांची वेळ चार वर्षांपूर्वी लंडनमध्ये दुसऱ्या क्रमांकाची ठरली असती. तेथे रौप्यपदक ४ मिनिटे ४३.४ सेकंदांना मिळाले होते. आजारातून पुरते न सावरलेले फुरुहाशीसुद्धा १९४८ च्या स्पर्धेत पदकविजेते ठरले असते.

तिसरी : १५०० मीटरमध्ये मात्र चित्र वेगळे आहे. १८ मिनिटे १९.० सेकंदांची त्यांची वेळ हेलसिंकीच्या सुवर्णविजेत्या वेळेपेक्षा ११.३ सेकंदांनी सरस होती. हा विक्रम अमेरिकेच्या जॉर्ज ब्रीन यांनी मे १९५६ मध्ये मोडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ सात वर्षे टिकला.

यावरून असे दिसते की, त्यांच्या कारकिर्दीत तीन गोष्टी एकमेकींशी विसंगत क्रमाने आल्या. सामर्थ्य होते तेव्हा प्रवेश नव्हता. प्रवेश मिळाला तेव्हा त्या वर्षी ऑलिंपिक नव्हते. आणि ऑलिंपिक आले तेव्हा शरीराचे सामर्थ्य ओसरले होते. यांपैकी केवळ शेवटची गोष्ट खेळाडूच्या देहाशी संबंधित आहे. पहिल्या दोन गोष्टी राजकारण आणि दिनदर्शिका यांनी ठरविल्या. जपानने आशियात जे युद्ध लादले त्याचे परिणाम त्या राष्ट्राला भोगावे लागणे स्वाभाविक होते, हे नाकारता येत नाही. तथापि, शरणागतीच्या वेळी सोळा वर्षांचा असलेला कारखान्यातील मुलगा त्या निर्णयांना कितपत जबाबदार होता, हा प्रश्नही टाळता येत नाही.

७. संघटक म्हणून कार्य

हेलसिंकीनंतर फुरुहाशी स्पर्धेतून निवृत्त झाले, परंतु जलतरणापासून दूर गेले नाहीत. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिदालनात त्यांचा समावेश झाला. १९७६ पासून ते फिनाचे उपाध्यक्ष होते. ज्या संघटनेने एकेकाळी त्यांच्या वेळा नोंदविल्या नव्हत्या, तिच्याच व्यवस्थापनात त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले. १९८५ ते २००३ या काळात ते जपानी जलतरण महासंघाचे अध्यक्ष होते. १९९० ते १९९९ या काळात त्यांनी जपानी ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपद भूषविले आणि १९९८ चे नागानो हिवाळी ऑलिंपिक त्यांच्याच कार्यकाळात पार पडले. २००८ मध्ये त्यांना जपानचा ‘संस्कृती सन्मान’ प्राप्त झाला. हा सन्मान मिळविणारे ते पहिले क्रीडापटू ठरले.

२ ऑगस्ट २००९ रोजी रोम येथे, जागतिक जलतरण स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. त्या स्पर्धेत तब्बल ४३ जागतिक विक्रम झाले आणि त्यांमागे पॉलियुरेथेनच्या पोहण्याच्या पोशाखांचा वाटा मोठा होता. १ जानेवारी २०१० पासून अशा पोशाखांवर बंदी आली, पण ते विक्रम अधिकृत यादीत कायम राहिले. ज्यांची खरी वेळ यादीत आली नाही त्या जलतरणपटूचे निधन वादग्रस्त वेळांनी यादी भरून गेलेल्या स्पर्धेत व्हावे, हा योगायोग विक्रम या संकल्पनेचाच फेरविचार करावयास लावतो.

निष्कर्ष :

१. जागतिक विक्रम ही केवळ शारीरिक कामगिरी नसून ती संस्थात्मक मान्यताही आहे. सदस्यत्वाअभावी १९४७ व १९४८ मधील फुरुहाशी यांच्या वेळा अधिकृत ठरल्या नाहीत.
२. १९४८ आणि १९४९ मधील ४०० मीटरच्या वेळांतील जवळजवळ पूर्ण साम्य टोकियोच्या नोंदींची विश्वसनीयता दर्शविते.
३. हेलसिंकीतील अपयशामागे आजार, वय आणि स्पर्धेची उंचावलेली पातळी अशी संमिश्र कारणे होती.
४. केवळ पदकांच्या आधारे खेळाडूचे मूल्यमापन केल्यास फुरुहाशी यांच्यासारखा खेळाडू इतिहासातून निसटतो.

शेवटचा मुद्दा महाविद्यालयीन क्रीडाशिक्षणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा वाटतो. आपणही विद्यार्थी खेळाडूचे मोल बहुधा प्रमाणपत्रावरील क्रमांकावरून ठरवितो. परीक्षेचे वेळापत्रक, आजारपण, प्रवासखर्चाचा अभाव किंवा नावनोंदणीतील दिरंगाई यांमुळे ज्यांची स्पर्धाच हुकली, त्यांच्या वेळा कोणत्याही नोंदवहीत नसतात. त्या सरावाच्या वेळी तरी कोणीतरी मोजून, तारीख घालून लिहून ठेवल्या पाहिजेत. टोकियोच्या पंचांनी १९४८ मध्ये, जग मान्य करणार नाही हे ठाऊक असूनही, नेमके हेच केले. त्यांनी त्या दिवशी घड्याळ दाबले म्हणूनच आज फुरुहाशी यांच्याविषयी पुराव्यानिशी लिहिता येते.